माघारीचा हिवाळा

सोमवारी दुपारी तीनच्या आत आक्कानं केजच्या तहसील कार्यालयात उमेदवारीचा अर्ज मागे घेतला. मी तिच्याबरोबर होतो. सही कुठं करायची ते मी तिला दाखवलं. शुक्रवारी ती ऊसतोडीला परत गेली. सहाव्या आठवड्यात ती वारली.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. यंदा पुन्हा तशीच थंडी पडली आहे आणि ग्रामपंचायतीची मुदत संपून पुन्हा निवडणूक आली आहे. सकाळी कॉलेजला निघालो की रस्त्याच्या दोन्ही अंगांना करडई पिवळी झालेली दिसते. वाळत्या तुराट्यांचा वास येतो. ज्वारी दुधात आहे, अजून आठ-पंधरा दिवसांनी हुरडा होईल. आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत घराघराला कुलपं आहेत. दिवाळी झाली की ती माणसं पश्चिमेच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात आणि चैत्राच्या सुमाराला परत येतात. मागे म्हातारी माणसं राहतात, शाळेतली लेकरं राहतात, कुत्री राहतात. या दिवसांत वस्तीवरून गेलं की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो.

आक्का त्या वस्तीत राहायची. तिला गावातच दिली होती, त्यामुळं लग्नानंतरही ती मला कधी लांब गेल्यासारखी वाटली नाही. आमचे आई-वडीलही तोडीला जायचे. ते गेले की घरी आम्ही दोघंच असायचो. ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. चौथीनंतर तिनं शाळा सोडली, कारण सकाळी मला भाकरी करून देणारं दुसरं कुणी नव्हतं. मी मात्र शिकत गेलो. गेली बावीस वर्षं मी केजच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. जगात कुठं कशी माणसं निवडली जातात, हा माझ्या पोटापाण्याचा विषय.

आक्काला तो विषय माझ्यापेक्षा जास्त आवडायचा. पावसाळ्यात ती गावात असायची तेव्हा दुपारी आमच्या ओसरीवर येऊन बसायची. मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची टिपणं काढत असायचो आणि ती शेंगा फोडता फोडता विचारायची, "आज कंचा देश?" मी सांगायचो. एखाद्या देशात लोक थेट अध्यक्ष निवडतात, एखाद्या देशात आधी प्रतिनिधी निवडतात आणि मग ते प्रधानमंत्री निवडतात. कुठं पक्षाला जितकी मतं पडतील तितक्या प्रमाणात जागा मिळतात. कुठं जास्त मतं मिळूनही माणूस पडतो. कुठं निवडणूक होते, मतपत्रिका छापल्या जातात, रांगा लागतात, पण मतपत्रिकेवर नाव एकच असतं.

"एकच?" तिनं विचारलं होतं.

"एकच. हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं."

"न्हाई म्हणलं तर?"

"तसं फारसं कुणी म्हणत नाही."

"कावून?"

"भीती असते, आक्का."

तिनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "तरी बरंय. न्हाई म्हणायला जागा तर ठिवलीय कागदावर."

मी तेव्हा हसलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात तेच वाक्य, जरा सुधारून, माझं म्हणून सांगितलं होतं.

आमच्या भागात निवडणुका पुष्कळदा तोडीच्या दिवसांत येतात. मग उमेदवार गाड्या पाठवतात. जीपमध्ये पंधरा-पंधरा माणसं कोंबून रात्रभराचा प्रवास करून वस्तीतली माणसं मतदानाला गावात येतात. एक-दोन दिवस राहतात, लेकरांना जवळ घेतात, म्हाताऱ्यांची औषधं बघतात आणि परत जातात. लोक याला नावं ठेवतात. मीही वर्गात ठेवायचो. आक्काला मात्र ते दिवस सणासारखे वाटायचे. जीपमधून उतरली की उसाच्या पाचटानं ओरबाडलेले हात मला दाखवायची नाही, पदराखाली धरायची, आणि म्हणायची, "बघ दत्ता, मतासाठी का व्हईना, गाव बोलावतंय." संध्याकाळ व्हायच्या आत शेतात हुरडा भाजायचो. गरम कणसं तिला तळहातावर चोळता यायची, मला चटका बसायचा. बोटाची शाई दाखवून ती भाचरांना म्हणायची, "हे बघा, म्या बी हाय या गावात."

पाच वर्षांपूर्वी तीन नंबरच्या वॉर्डातली एक जागा महिलेसाठी राखीव निघाली. आमचं घर आणि ओढ्यापलीकडची वस्ती त्याच वॉर्डात येते. आक्का उसाच्या फडावरून एकटी एसटीनं आली, मला न विचारता कागदपत्रं गोळा केली आणि अर्ज भरून मगच आमच्या घरी चहाला आली.

तिला पद नको होतं. तिला एक गोष्ट विचारायची होती. गावात नळाची लाइन आली ती मारुतीच्या देवळापाशी संपली, वस्तीवर आलीच नाही. ते जानेवारीतल्या ग्रामसभेत ठरलं होतं. वर्षभराची कामं त्याच सभेत ठरतात आणि तेव्हा वस्ती फडावर असते. उन्हाळ्यात होणारी सभा नुसती सह्यांपुरती. "आमी आलो का समदं ठरलेलं अस्तंय," ती म्हणाली. "विचारलं तर म्हणतेत, सभेला का न्हाई आलात? आरं, सभाबी चैतातल्या जत्रंवानी आमी असताना घ्या की. एवढंच म्हणायचंय मला. आत बसून म्हणलं तर ऐकावं लागंल." मग बशीतला चहा संपवून म्हणाली, "निवडून आले तर कोयता खाली ठिवणार. तुझ्या दाजीला सांगितलंय, तुमी एकटे जावा, न्हाईतर तुमीबी ऱ्हावा."

मी लोकशाहीवर कितीतरी पुस्तकं वाचली आहेत. ग्रामसभा कुठल्या महिन्यात घेतली म्हणजे कोण आपोआप बाहेर राहतं, हे मला एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

आठवड्याभरानं देवळात बैठक झाली. गाव बिनविरोध करायचं घाटत होतं. आमच्याकडे याचा मोठा मान असतो. ज्या गावात मतदानच झालं नाही ते गाव एकीचं, समजूतदार. नेतेमंडळी अशा गावांना कामं देऊ करतात; आमच्या गावाला देवळापुढं सभामंडप मिळणार होता. नऊपैकी आठ जागांवर एकेकच अर्ज उरला होता. नवव्या जागेसाठी आबांच्या घरातली एक सून उभी होती आणि आक्का. आबा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, दोन वेळा सरपंच झालेले. त्यांनी मला मुद्दाम बोलावणं पाठवलं, आणि मी गेल्यावर उठून स्वतःच्या शेजारी बसवलं.

"सर, आठ जागा मिटल्या," ते म्हणाले. "नववी तुमच्या घरात येऊन अडकलीय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आक्काला म्हणावं, मेंबर होऊन काय दिल्लीला जायचंय का?"

सगळे हसले. आबांनी मान वळवली. "हसू नगा बे. बाई शहाणी हाय. म्हून तर सरांला बोलावलंय, तुमाला न्हाई." मग माझ्याकडे वळून, "निवडणूक लागली तर गाड्या पाठवा, माणसं आणा, पुन्हा नेऊन घाला. दोन महिने भावाभावात बोलणं बंद. तुमी शिकलेले हाव. एकीत काय ताकद अस्ती, जरा चार शब्दांत सांगा."

मी चार शब्दांत सांगितलं नाही, चांगली दहा मिनिटं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा गावानं मला ऐकायला बोलावलं होतं. वर्गातली पोरं परीक्षेसाठी ऐकतात. इथं पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं मान डोलवत होती. मी त्यांना डोंगरातल्या एका देशाबद्दल सांगितलं. तिथं काही भागांत वर्षातून एकदा लोक चौकात जमतात आणि हात वर करून निर्णय घेतात. पेटी नाही, चिठ्ठी नाही, प्रचार नाही. समोरासमोर, सगळ्यांच्या साक्षीनं. मी म्हणालो, लोकशाहीचं हे सगळ्यात जुनं आणि निर्मळ रूप आहे. टाळ्या पडल्या. आबा म्हणाले, "आता हेच आक्काला सांगा. तुमचं ऐकती ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेलो. आक्का उन्हात बसून हरभऱ्याची भाजी खुडत होती. बोटं हिरवी झाली होती.

"बैठकीत बोललास म्हणं," ती म्हणाली.

"हो."

"काय बोललास?"

मी तिला तो देश सांगितला, तो चौक, ते वर केलेले हात. ती नेहमीसारखी लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तिथं बाया येतेत का चौकात?"

"आता येतात. आधी नव्हत्या. तिथल्या बायकांना मताचा हक्क फार उशिरा मिळाला."

"हे सांगितलंस का देवळात?"

मी टोपल्यातल्या भाजीतल्या काड्या वेचू लागलो.

"अन् एखाद्याला पटलं न्हाई तर?"

"आधी पटलेल्यांनी हात वर करायचे, मग न पटलेल्यांनी."

"म्हंजी न पटलेल्यालाबी हात वर करता येतोय."

"येतो."

"मंग आपल्यात कावून न्हाई?"

याचं उत्तर मला येत होतं. माझ्या टिपणांत ते लिहिलेलं होतं, दरवर्षी मी ते फळ्यावर लिहीत होतो. पण मी म्हणालो, "गाव फुटेल, आक्का. आणि आपल्याला याच गावात राहायचं आहे."

"गावाचं ऱ्हाऊ दे. तुला काय वाटतंय?"

"माघार घे," मी म्हणालो.

तिनं भाजीचं टोपलं बाजूला सरकवलं, हात पदराला पुसले. "बरं," ती म्हणाली. "तू म्हन्तोस तर."

त्या सोमवारी केजला तहसीलच्या आवारात जत्रा भरली होती. गावोगावच्या जीपा, झेरॉक्सच्या दुकानापुढं रांग, चहाच्या कागदी कपांचा खच. प्रत्येक गावाचा आपला एक घोळका, आणि घोळक्याच्या मध्ये माघार घ्यायला आणलेला कुणीतरी माणूस, नवरदेवासारखा गप्प. आक्का तिच्या त्यातल्या त्यात चांगल्या लुगड्यात आली होती. टेबलामागच्या कारकुनानं कागद पुढं सरकवत विचारलं, "स्वखुशीनं घेताय ना माघार, मावशी?"

आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "हा माझा भाऊ. कॉलेजात हेच शिकिवतोय. ह्याला इचारा."

कारकून हसला. मीही हसलो, आणि सहीची जागा दाखवली.

बाहेर आलो तेव्हा आबांच्या माणसांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला, पाठीवर थापा मारल्या. आक्का जरा लांब, लिंबाखाली उभी होती. जीपमध्ये बसल्यावर तिनं पदराच्या टोकानं माझ्या भुवईवरचा गुलाल पुसला. "डोळ्यात जाईल," एवढंच म्हणाली. रागावली असती तर मला आजचे दिवस थोडे सोपे गेले असते.

आमच्या गावाचं नाव पेपरात आलं. मतदान नव्हतं, म्हणून त्या वर्षी फडावर एकही गाडी गेली नाही. वस्तीतल्या माणसांना गाव बिनविरोध झाल्याचं फोनवर कळलं. एकमत झालं होतं, आणि ज्यांचं मत त्यात धरलं होतं त्यातले निम्मे तीनशे किलोमीटरवर ऊस तोडत होते.

जानेवारीतली ग्रामसभा झाली. मी गेलो होतो. वस्तीच्या नळाचा विषय निघाला नाही.

फोन आला तेव्हा मी बारावीच्या वर्गात होतो. दाजी बोलत होते, पण वाऱ्यामुळं नीट ऐकू येत नव्हतं. ट्रॉलीत ऊस भरताना मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं असतं. फळीवर दव होतं. आक्काचा पाय सरकला. मी पोचलो तेव्हा तिला तिथल्या सरकारी दवाखान्यातून बाहेर आणत होते. दाजी भिंतीला टेकून खाली बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. ते म्हणाले, "निवडून आली अस्ती तर कशाला आली अस्ती हितं." त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं. मी माघार घ्यायला लावली हे त्यांना माहीतही नव्हतं. आक्कानं फडावर सांगितलं होतं की तिचं तिनंच ठरवलं. हे मला दहाव्याला कळलं.

माझ्यावर कुणीही ठपका ठेवला नाही. गावात कुणाला त्या दोन गोष्टी एकमेकींना जोडलेल्या वाटत नाहीत. एक निवडणूक होती, एक अपघात होता. मी कुणाला सांगायला गेलो तर ते माझीच समजूत घालतात.

त्या वर्षी मी परीक्षेचे पेपर तपासत होतो. त्यात एक प्रश्न होता, 'लोकशाही निवडणुकीची वैशिष्ट्ये लिहा.' गुप्त मतदान, प्रौढ मताधिकार, ठरावीक मुदत, सगळ्या पोरांनी ओळीनं पाठ केलेलं लिहिलं होतं. एका मुलीनं पुस्तकात नसलेलं एक वाक्य लिहिलं होतं: 'हरायची ज्याची तयारी आहे त्याला उभं राहू दिलं पाहिजे.' मी लाल पेन खाली ठेवलं. ते वाक्य मी बराच वेळ वाचत राहिलो. आक्का हरली असती, बहुधा. आबांच्या घरापुढं तिचं काही चाललं नसतं. पण हरायला तिला मतदानाचा दिवस लागला असता. तिच्या नावापुढं एखादं चिन्ह आलं असतं, छत्री नाहीतर शिलाई मशीन. वस्तीतली माणसं गाडीनं आली असती आणि त्यांनी ते चिन्ह शोधलं असतं. हरली असती तर निकाल ऐकून ती दोन दिवसांनी फडावर गेली असती, कदाचित त्याच फळीवर चढली असती, हेही मला कळतं. तरी मनाला ते पुरत नाही. तिची हार तिची असती. मी तिला तीही मिळू दिली नाही.

अजून मी तोच विषय शिकवतो. कुठल्या देशात निवडणूक किती खरी, हे मोजायच्या पद्धती असतात, त्यांचे तक्ते असतात, मी ते समजावून सांगतो. एकच नाव छापणाऱ्या देशांपाशी आलो की आता माझा आवाज खाली जातो. पूर्वी त्या देशांबद्दल बोलताना मला आपलं बरं वाटायचं. तिथं माणसं धाकानं गप्प बसवतात, असं पुस्तकात आहे. धाकाशिवाय, मायेच्या माणसाकडून, दिवसाढवळ्या, अंगणात बसून कसं गप्प बसवतात, त्याचा तक्ता नाही. आमच्या घरी कुणी कुणाला दम दिला नाही. बहिणीनं भावाचा शब्द ठेवला.

परवा सभामंडपात बैठक झाली. आता आबांचा मुलगा सगळं बघतो. "सर, यंदाबी दोन शब्द बोला," तो म्हणाला. "मागच्या वेळचं लोकांच्या अजून ध्यानात हाय."

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मतदान होऊ द्या. उभं राहायचं त्याला उभं राहू द्या."

मग एक जण म्हणाला, "सरांला आता पुस्तक सापडलं वाटतं." सगळे हसले. आबांच्या मुलानं विषय पुढं नेला.

तीन नंबर वॉर्डात यंदा आक्काची सून रेखा उभी आहे. तिनं फडावरून येऊन अर्ज भरलाय, तिच्या सासूसारखाच, कुणाला न विचारता. माघारीच्या आदल्या दिवशी मी वस्तीवर गेलो. तिला सांगायचं होतं की मागे हटू नकोस, मी तुझ्याबरोबर आहे. ती दारात धुणं वाळत घालत होती. मला ओढ्याच्या चढावर बघूनच तिनं हातातलं लुगडं बादलीत टाकलं आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "तुमी नगा येऊ सांगायला. आत्याबाईला सांगितलंत, तेवढं बास झालं."

म्हणजे तिला माहीत होतं. आक्कानं तिला एकटीला सांगितलं असावं.

"मी त्यासाठी आलो नाही गं," मी म्हणालो.

"मंग कशासाठी आलात?"

ती चिडलेली नव्हती, डोक्यावरचा पदर सारखा करून वाट बघत होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या पाठिंब्याची तिला गरज नाही. या अंगणात माझा शब्द आता कुठल्याच बाजूनं चालत नाही. "चहा करती," ती म्हणाली, नात्याला धरून. मी नको म्हणालो आणि परत आलो.

काल तीन वाजले. रेखाचा अर्ज कायम आहे. आमच्या वॉर्डात मतदान होणार आहे, फडावर गाड्या जाणार आहेत. ती निवडून येईल की पडेल, मला सांगता येत नाही. मी रांगेत उभा राहून तिला मत देईन. माझ्या बहिणीला आयुष्यात एकही मत पडलं नाही. न पडलेल्या त्या मतांतलं एक माझं होतं. ते माझ्याजवळ राहिलं आहे.